नसलेला रकाना

श्रोतेहो, लोणंदच्या बाजारात कांदा घातलेल्या माणसाला पट्टी म्हणजे काय ते सांगायला नको. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि खाली हातात पडायची रक्कम. एखादा रकाना राहिला तर आपण लगेच विचारतो, "अहो, हे राहिलं का?" संगणक विचारीलच, असे नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने जावास्क्रिप्ट भाषेत पट्टीचा प्रोग्राम लिहिला. त्यात प्रत्येक पट्टी हा एक ऑब्जेक्ट आणि वजन, भाव, हमाली हे त्याचे गुणधर्म. सहा क्विंटल कांदा, भाव १८०० रुपये, म्हणजे १०,८०० झाले. हमाली ६० रुपये. ती वजा जायला हवी. पण उत्तर आले, 'हा अंक नव्हे'! पोरगं गांगरलं. नोंदताना 'हमाली' दीर्घ लिहिली होती, वजा करताना 'हमालि' ऱ्हस्व. यंत्राच्या लेखी ही दोन निराळी नावे. दुसऱ्या नावाचा रकानाच नव्हता, म्हणून 'अनडिफाइन्ड' हाती आले.

ही भाषा नसलेला रकाना मागितला तर गप्प बसते. मात्र त्या नसलेल्याच्या पोटातले आणखी काही मागितले की अडते. पायथॉन पहिल्याच पायरीला थांबते. पीएचपी २०२० सालच्या आठव्या आवृत्तीपासून ताकीद देते, पण पुढे चालते.

मुलाने तोड काढली : सापडले नाही तर शून्य धरा. चूक नाहीशी झाली, पट्टी १०,८०० ची निघाली. मी म्हटले, "अरे, हमालाची मजुरी कुठं गेली?" माझ्या मते आधीचे वेडेवाकडे उत्तरच बरे होते, ते निदान ओरडत तरी होते. एखाद्याने स्वतःच पोती उतरवली, तर हमाली खरोखर शून्य असेल. तसे असेल तर ते शून्य पट्टी तयार करतानाच लिहावे. 'काही नाही' आणि 'ठाऊक नाही' यांत अंतर आहे. टोनी होर यांनी १९६५ साली आल्गोल डब्ल्यू या भाषेत 'कशाकडेच न दाखवणारा' संदर्भ घातला, आणि २००९ साली त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले!

शिक्षकमित्रांनो, मुलाला आधी चुकीचा संदेश मोठ्याने वाचायला लावा. मग अख्खा ऑब्जेक्ट पडद्यावर छापून नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहू द्या. आमच्या मुलाने वेलांटी सुधारली, १०,७४० आले. तो उठायला लागला, तेव्हा म्हटलं, "बस. तोलाई राहिली."