नरक्याचे झाड आणि कर्करोगाचे औषध

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



औषधी वनस्पतींविषयी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसांनी मला सुचविले तेव्हा प्रथम मी नकार दिला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. माझे सारे आयुष्य मुलांना पाढे, व्याकरण आणि थोडेसे सामान्य विज्ञान शिकविण्यात गेले. मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. परंतु या विषयातील अज्ञानाची किंमत माझ्या घराने मोजली आहे. ती इतरांना मोजावी लागू नये, एवढ्याच हेतूने मी आपणांसमोर उभा आहे.

ही गोष्ट 2016 सालची. माझे थोरले बंधू अण्णा यांना शौचावाटे रक्त जाऊ लागले. मूळव्याध असेल, असे समजून दोन महिने गेले. नंतर तालुक्याच्या डॉक्टरांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यास सांगितले. अण्णा तयार होईनात. त्याच सुमारास आमच्या घाटातील नरक्या नावाच्या झाडापासून कर्करोगाचे औषध होते, असे माझ्या वाचनात आले. मी हर्षभरित झालो. परदेशी कारखाने जे सोन्याच्या भावाने विकतात, ते आपल्या रानात फुकट उभे आहे, असे मला वाटले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मी साल आणविली आणि वहिनींना रोज काढा करावयास सांगितले. अण्णांना अतिसार होऊ लागला. तेव्हा "रोग बाहेर पडतो आहे" असे म्हणणारा मीच होतो.

चार महिने असे गेले. अखेर पोट फुगून असह्य वेदना होऊ लागल्या, तेव्हा आम्ही त्यांना मुंबईस नेले. आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे शिरेतून औषध देणे सुरू झाले. एके दिवशी मी डॉक्टरांपाशी काढ्याची कबुली दिली. ते रागावले नाहीत. त्यांनी लटकणाऱ्या बाटलीकडे बोट दाखविले व म्हणाले, "मास्तर, या औषधाचे मूळ त्याच झाडातील द्रव्यात आहे. पण ते झाड आणि ही बाटली यांच्यामध्ये तीस वर्षांचे काम आहे."

ते तीस वर्षांचे काम कोणते, हे समजून घेण्याचा मी त्यानंतर यथाशक्ति प्रयत्न केला. आज तेच आपणांस सांगणार आहे.

सातवीच्या वर्गात मी एक प्रयोग करून दाखवीत असे. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात मीठ टाकावे, ते विरघळते. दुसऱ्या पेल्यातील पाण्यात कापूर टाकावा. तो तरंगत राहतो. तिसऱ्या पेल्यात खोबरेल तेल घेऊन त्यात कापूर टाकावा. तो हळूहळू विरघळतो. कापूर तोच, पण ज्यात टाकला ते निराळे. आपले रक्त हे बहुतांशी पाणी आहे, आणि वनस्पतींतील पुष्कळशी गुणकारी द्रव्ये कापरासारखी आहेत. ती पाण्याशी जुळवून घेत नाहीत. पोटात घेतली तर त्यांचा मोठा भाग न शोषला जाता बाहेर पडतो. शिरेतून तशीच दिली तर त्यांचे कण साचून अनर्थ होण्याचे भय असते. गुण अंगी असूनही तो रोगाच्या ठिकाणी पोहोचत नाही, ही खरी अडचण होय.

नरक्यातील द्रव्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. ते प्रथम सापडले एका चिनी झाडात; त्या झाडाच्या चिनी नावाचा अर्थ "आनंदवृक्ष" असा होतो. 1966 साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात डॉ. मनरो वॉल आणि डॉ. मनसुख वाणी यांनी त्याची रचना प्रसिद्ध केली. हे डॉ. वाणी आपल्या खानदेशातील नंदुरबारचे. 1925 साली तेथे जन्मलेला हा मनुष्य मुंबई विद्यापीठात शिकून परदेशी गेला आणि 2020 साली दिवंगत होईपर्यंत जगाच्या उपकारास पात्र झाला. पुढे 1972 साली डॉ. गोविंदाचारी आणि डॉ. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील झाडात असल्याचे दाखविले. चिन्यांनी आनंद म्हटले, आपण दुर्गंधीवरून नरक म्हटले; द्रव्य मात्र एकच.

पेशी दुणावताना तिच्या आतील वंशसूत्राचा पीळ सुटावा म्हणून एक विकर त्याचा एक धागा क्षणभर तोडते व पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके तेथे जाऊन बसते आणि तुटलेला धागा जुळू देत नाही. भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी त्यामुळे मरते. हे गूढ 1985 साली उकलले. परंतु चाचण्या त्यापूर्वीच, 1970 च्या सुमारास झाल्या होत्या, आणि त्यांत घोर निराशा पदरी आली होती. कारण पुन्हा पाणीच!

द्रव्य पाण्यात विरघळेना, म्हणून संशोधकांनी त्याचे सोडियमचे लवण केले. ते सुरेख विरघळले. परंतु तसे करताना रेणूच्या टोकाचे एक कडे उघडले जाते, आणि त्या बंद कड्यातच द्रव्याचा गुण असतो. म्हणजे कुलूप उघडण्यासाठी किल्ली वितळवून टाकावी, तसा प्रकार झाला. भरीस भर म्हणजे मूत्राशयातील आम्लतेमुळे ते कडे पुन्हा जुळे आणि मूत्राशयाच्या अस्तरास इजा होऊन लघवीतून रक्त जाई. रोग्यांना लाभ थोडा आणि पीडा फार. सबब त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. केवळ विरघळविणे पुरेसे नाही, गुण राखून विरघळविले पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

मग जपानी रसायनशास्त्रज्ञांनी निराळी युक्ती केली. त्यांनी कड्यास हात न लावता रेणूच्या दुसऱ्या बाजूस पाण्याशी मैत्री करणारा एक तुकडा जोडला. नदीपार जाण्यासाठी उतारूला होडीत बसवावे, तसे हे झाले. शरीरात, मुख्यतः यकृतात, विकरे तो तुकडा कापतात आणि खरे औषध मोकळे होते. या औषधास इरिनोटेकान म्हणतात. 1994 साली जपानात आणि 1996 साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. आमच्या अण्णांच्या शिरेत उतरत होते ते हेच.

दुसरेही उदाहरण याच डॉक्टरद्वयाचे. अमेरिकेतील यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून त्यांनी टॅक्सॉल हे द्रव्य वेगळे केले आणि 1971 साली प्रसिद्ध केले. तेही पाण्याशी वैर धरणारे. अखेर आपल्या ओळखीच्या एरंडेलापासून बनविलेल्या एका द्रवात, मद्यार्क मिसळून, ते विरघळविले गेले, आणि 1992 साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. पण त्या द्रवाचीच काही रोग्यांना तीव्र ॲलर्जी होई. म्हणून आधी दुसरी औषधे द्यावी लागतात. पुढे 2005 साली रक्तातीलच अल्ब्युमिन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म कणांवर ते बसविण्याची रीत मान्य झाली, आणि एरंडेलाच्या द्रवाची गरज त्या प्रकारात उरली नाही.

बंधूंनो, हे सारे सांगण्याचा मथितार्थ असा. झाडात गुण आहे, हे आपल्या पूर्वजांचे म्हणणे खोटे नव्हे. परंतु झाडाचा गुण म्हणजे रोग्याचे औषध नव्हे. मी दिलेल्या काढ्यात ते द्रव्य किती उतरले, हे मोजण्याचे कोणतेही साधन मजपाशी नव्हते. जे थोडे उतरले असेल ते विषच होते. आणि ज्यास मी रोग बाहेर पडणे समजत होतो, तो अतिसार कदाचित त्या विषाचाच परिणाम होता. हळदीचेही तसेच. तिच्यातील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारच थोडे जाते. हळद स्वयंपाकात अवश्य असावी. तिच्या भरवशावर कर्करोगाची तपासणी टाळू नये. चालू उपचारांबरोबर कोणताही काढा घेतला जात असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. कारण कित्येक वनस्पती औषधाची रक्तातील मात्रा कमीअधिक करितात. आणि नरक्याची झाडे सालीच्या लोभाने तोडू नयेत. ती आधीच बेसुमार तोडली गेली आहेत.

अण्णा 2018 साली गेले. वेळीच तपासणी झाली असती तर ते वाचले असते, असे डॉक्टर कधी म्हणाले नाहीत, आणि मीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण ते चार महिने मी त्यांच्याकडून घेतले, एवढे मला ठाऊक आहे. वहिनींनी मला कधी एका शब्दाने दुखविले नाही. त्यामुळे ते अधिकच सलते.

शेवटी कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून रोगनिदानाचा कागद दाखविल्यावरच मदत मिळते. पण गरीब माणूस अडतो तो त्याच्या आधीच, तपासणीसाठी शहरात जाण्याच्या पहिल्या खेपेला. त्या खेपेचे भाडे आणि तपासणीचा खर्च निधीतून मिळावा, अशी दुरुस्ती करावी. त्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी एक महिन्याची रक्कम अण्णांच्या नावे देण्याचे मी आज जाहीर करितो.