विद्येचे मोल मोजावयाचे कोणी?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मुलाला परदेशी धाडण्यासाठी घर वा शेत गहाण टाकणारा बाप आज आपल्या सीमाभागात विरळा राहिलेला नाही. तेथील विद्यापीठाचे शुल्क भागेल एवढे कर्ज मागितले की बँक बहुधा तारण मागते. बापाच्या हिशेबात गृहीत एकच असते, की मुलगा तिकडे नोकरीस लागेल आणि डॉलरांत कर्ज फेडील. हे गृहीत किती ठिसूळ आहे, ते पाहा. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-1बी व्हिसाच्या नव्या अर्जावर 1 लाख डॉलरांचा आकार बसविला. तेथेच शिकत असलेल्यांना तो लागू नाही, असा खुलासा पुढे झाला खरा. परंतु एका सहीने ज्या बाजाराचा भाव फिरतो, त्या बाजाराच्या भरवशावर वाडवडिलांची जमीन लावावी काय?

बरे, तेथील भूमिपुत्र तरी सुखी आहे काय? अमेरिकन विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील कर्ज 1.6 लाख कोटी डॉलरांहून अधिक आहे. इंग्लंडात 1962 च्या कायद्याने विद्यार्थ्याचे शुल्क स्थानिक संस्था भरीत. 1998 साली त्याच्यावर 1,000 पौंडांचा भार पडला आणि 2012 साली शुल्काची मर्यादा 9,000 पौंडांवर गेली. आपल्या तरुणांना ऋणको करावयाचे, आणि माणसे अपुरी पडली की दुसऱ्या देशाने शिकविलेली परिचारिका आयती आणावयाची, असा हा व्यवहार!

जर्मनीची तऱ्हा निराळी. तेथे कारखान्यात काम शिकणाऱ्या उमेदवाराला शिकतानाच वेतन मिळते. तरीही माणसे पुरत नाहीत, म्हणून 2024 साली त्या देशाने भारतीय कुशल कामगारांसाठी व्हिसांची वार्षिक संख्या 20,000 वरून 90,000 केली. त्याच वर्षी बाडेन-व्युर्टेम्बर्ग या तेथील राज्याने महाराष्ट्राशी करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक असे 10,000 हात त्यांना हवे होते, आणि त्यांना जर्मन भाषा शिकविण्याचा भार उचलला महाराष्ट्राने! ह्याच राज्याने 2017 साली युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर दर सत्राला 1,500 युरो शुल्क बसविले होते. शिकावयास याल तर पैसे मोजा, शिकून याल तर सुस्वागतम्!

जाणाऱ्याला अडवावे असे मी म्हणत नाही. पोटासाठी माणूस सातासमुद्रापार जाणारच. पण असे करार पुन्हा होतील तेव्हा शिकविण्याच्या खर्चातला वाटा घेणाऱ्याने उचलावा, हे कलम त्यात प्रथम हवे. आणि महाराष्ट्राच्या पैशाने चालणाऱ्या अशा वर्गांत बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी मुलांसाठी जागा किती, हे मुंबईस जाऊन विचारावयाचे काम आपले आहे.