कोयत्याचे मोजमाप कोणाच्या वहीत?

(सोनई येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कामगाराची उत्पादकता मोजावी आणि त्या मोजमापाच्या आधारे मजूर पुरवणाऱ्या संस्थेचा नफा वाढवावा, ही विद्या हल्ली शहरांत मोठ्या प्रतिष्ठेची मानली जाते. सुपे किंवा चाकणच्या कारखान्याला माणसे पुरवणारा ठेकेदार माणसामागे किती घेतो, माणसाला किती देतो आणि मधल्या फरकातून किती उरवतो, याची कोष्टके मांडणारे तज्ज्ञ पगारावर ठेवले जातात. सोनईच्या माणसाने या विद्येने दिपून जाण्याचे कारण नाही. दसरा झाला की पाथर्डी-शेवगावच्या आणि पलीकडे बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांतून टोळ्या निघतात आणि मुळा-प्रवरेच्या कालव्यांवरील उसाच्या फडांत कोप्या घालतात. त्या टोळ्यांचा मुकादम हीच विद्या दोन-तीन पिढ्या चालवीत आला आहे. त्याच्याजवळ संगणक नव्हता, इतकाच फरक.

त्याच्या हिशेबाचे एकक पाहा. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दोन जिवंत माणसांची गणना एका हत्याराच्या नावाने होते, आणि उचलीच्या कागदावर अंगठा बहुधा एकाचाच असतो. पुरुष ऊस तोडतो; बाई पाचट सोसते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते, आणि त्याआधी व त्यानंतर चूल पेटवते, पाणी भरते, मूल सांभाळते. वजनकाट्यावर मात्र एकच आकडा उमटतो : टन. त्या टनात बाईचा वाटा किती, हे विचारण्याची सोयच त्या एककात ठेवलेली नाही.

आता मुकादमाचा नफा कसा होतो ते पाहू. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला सुमारे २७३ रुपयांवरून तो ३६६ रुपयांच्या घरात गेला, आणि मुकादमाचे कमिशन एका टक्क्याने वाढून मजुरीच्या २० टक्के झाले. एक जोडी दिवसाकाठी दोन टन तोडते असे उदाहरणादाखल धरा. जोडीची मजुरी ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. त्या जोडीवर मुकादमाचे कमिशन १४६ रुपये. पंधरा कोयत्यांची टोळी असेल तर दिवसाला दोन हजार दोनशे रुपयांच्या आसपास. जोडीने पहाटे तीनला फडात जावे की सहाला, गाडी रात्री अकरा वाजता भरावी की भरूच नये, याने त्याच्या खर्चात एक पैचाही फरक पडत नाही; टन वाढला की कमिशन वाढते. तास त्याच्या वहीत नाहीत. तोड मिळेपर्यंत फडावर बसून काढलेला दिवस, कारखाना बंद पडल्याने गेलेला दिवस, गाडीची वाट पाहण्यात गेलेली रात्र, हे सारे मजुराच्या नावे, बिनपैशाचे. शहरातला ठेकेदार निदान तासांचे बिल लावतो. येथे तास मोजलेच जात नाहीत, म्हणून ते कितीही वापरता येतात.

यातूनच ‘खाडा’ येतो. जोडीतील एक आजारी पडला की नुसती त्याची मजुरी बुडून भागत नाही. पुष्कळ ठिकाणी दंडही कापला जातो, कारण मुकादमाच्या दृष्टीने अर्धा कोयता बंद पडलेला असतो आणि उचल फेडून घ्यायची राहिलेली असते. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण खाडा होता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. बालविवाह आहेत, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नाही, खासगी दवाखान्यांचा लोभ आहे. पण ज्या व्यवस्थेत पाळीचे दोन दिवस हा उत्पादकतेतील दोष ठरतो, तेथे शरीराचा तो भागच काढून टाकण्याचा सल्ला बाईला व्यवहाराचा वाटू लागतो.

कार्यकर्त्यांनी येथे एक गाठ नीट पाहिली पाहिजे. कमिशन मजुरीच्या टक्क्यांत असल्यामुळे दरवाढीच्या मागणीत मुकादम मजुराच्या बाजूला उभा राहतो. संपात तो पुढे असतो, मुंबई-पुण्याच्या वाटाघाटींत त्याचे प्रतिनिधी बसतात. दर वाढला की त्याचे उत्पन्न आपोआप वाढते, वर टक्काही वाढवून मिळतो. परंतु तास, विश्रांती, पगारी आजारपण, पाळणाघर, या मागण्यांनी त्याचे टन घटतात. म्हणून त्या मागण्या यादीच्या तळाशी जातात. आपल्या चळवळीने इतकी वर्षे लढा दिला तो मुख्यतः टनाच्या दराचा, याचे एक कारण हे आहे. दराचा लढा चुकीचा नव्हता; पण तो मुकादमालाही परवडणारा होता.

तरीही मुकादमाला शिव्या देऊन भागणार नाही. तो बहुधा त्याच तांड्या-वस्तीवरचा, कधीकाळी स्वतः कोयता चालवलेला असतो. उचलीचा पैसा कारखान्याकडून वाहतूक ठेकेदारामार्फत त्याच्या हाती येतो आणि जोखीम मात्र त्याच्या गळ्यात पडते. मजूर उचल घेऊन दुसरीकडे गेला तर त्याची जमीन जाते. कारखाना, मग तो सहकारी असो वा खासगी, हात झटकून सांगतो की ही माणसे आमची नव्हेत, मुकादमाची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने वेतन न दिल्यास मूळ मालकाला जबाबदार धरले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेतही हे तत्त्व टिकून आहे. फडात मात्र मूळ मालक सापडत नाही.

मध्यस्थाशिवाय माणसे पुरवता येतात, हे याच राज्यात सिद्ध झाले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांच्या टोळ्या मंडळाकडे नोंदवल्या. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मजुराला मजुरी मंडळाकडून मिळते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी भागते. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्याच्या हमाल पंचायतीत यासाठी जन्म घातला. मुकादमाच्या २० टक्क्यांत काय काय भागू शकेल, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

फडावर मात्र हा कायदा जसाच्या तसा आणता येणार नाही, त्याचे कारण उचल. हमालाला रोज बाजारात काम असते. ऊसतोड मजुराला आषाढ-श्रावणात घरी धान्य नसते, मुलीचे लग्न असते, दवाखाना असतो. त्या वेळी मुकादम पैसे देतो. ते व्याज नाही, पण पुढच्या सहा महिन्यांच्या शरीरावरचा हक्क आहे. ज्याला मुकादम हटवायचा आहे त्याला ही उचल दुसरीकडून उभी करून द्यावी लागेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळाचे खरे काम हेच असावे असे मला वाटते. ओळखपत्रे आणि वसतिगृहे हवीतच. पण उचल मंडळाने दिली तर मुकादमाची सत्ता अर्ध्याहून कमी होते.

ते होईपर्यंत आपल्या हातात एक काम आहे, आणि ते वहीचे आहे. प्रत्येक खेपेची वजनपावती टोळीच्या नावाने नव्हे, जोडीतील दोघांच्या नावाने मागावी. पावतीवर गाडी लागल्याची आणि भरून सुटल्याची वेळ चिटबॉयने लिहावी. ज्या दिवशी तोड मिळाली नाही तो दिवसही नोंदला जावा. टोळीत लिहिता-वाचता येणारी एखादी मुलगी असतेच. तिच्याकडे टोळीची स्वतःची वही असावी आणि हिशेबाच्या दिवशी ती मुकादमाच्या वहीशेजारी उघडावी. येत्या हंगामाची उचल वाटायला मुकादम गावोगाव फिरू लागण्याआधी पाथर्डी आणि शेवगाव तालुक्यांतील निदान वीस गावांत हे बोलून झाले पाहिजे. कारण एकदा कागदावर अंगठा उठला की ऐकणारा माणूस आपला राहत नाही.