मूळ पेशींची टोकं



आपल्या हाडांच्या आत, अस्थिमज्जेत, मूळ पेशी असतात.
म्हणजेच स्टेम सेल.
आपलं रक्त त्यांच्यापासून तयार होतं.
त्यासाठी त्यांना आयुष्यभर विभागावं लागतं.

अडचण इथेच आहे.

प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर असतं.
पदराचे धागे सुटू नयेत म्हणून आपण गोंडे बांधतो ना, तसं.
पेशी विभागली, की हे टोक थोडं झिजतं.
फार झिजलं, की पेशी विभागणं थांबवते.

मग मूळ पेशी टिकतात कशा?

त्यांच्याकडे टेलोमरेज नावाचं विकर असतं.
टोकाचा नमुना ते स्वतःजवळच बाळगतं.
त्यावरून झिजलेला भाग पुन्हा जोडतं.
मला तरी हे फार विलक्षण वाटतं!

एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना ते १९८४ मध्ये सापडलं.
कुठे? तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात.
२००९ साली, जॅक शोस्टाक यांच्यासह, त्यांना नोबेल मिळालं.

आता मुख्य मुद्दा नीट ऐका.
गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या मूळ पेशींत हे विकर भरपूर असतं.
तिथे टोकांची लांबी टिकते.
मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत ते कमी असतं.
तिथे झीज मंदावते, थांबत नाही.
पुन्हा सांगते, मंदावते, थांबत नाही.

काहींच्या विकरात जन्मतःच दोष असतो.
त्यांची अस्थिमज्जा पुरेसं रक्त बनवू शकत नाही.

मग हे विकर औषधानं वाढवावं का?
इथे फार जपायला हवं.
बहुतेक कर्करोगांच्या पेशीही याच विकराच्या बळावर विभागत राहतात.