तोल आणि धीर

बेंगळूरच्या जुन्या पेठांत कित्येक पिढ्यांपासून मराठी बोलणारी घरे आहेत. अशा एखाद्या घरातील चाळिशीचा कर्ता पुरुष डोळ्यांपुढे आणावा. एके सकाळी अंथरुणावरून उठताना त्याला घेरी येते; खोली गरगर फिरू लागते. काही दिवसांत ती घेरी ओसरते. पुढे कान तपासले जातात, मेंदूचे चित्र काढले जाते, आणि सारे ठीक असल्याचे सांगण्यात येते. तरीही महिनोनमहिने मॅजेस्टिकच्या बसस्थानकावरील गर्दीत शिरताच त्याच्या पायांखालची जमीन होडीसारखी डोलते. ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत,’ असे घरची माणसे म्हणतात. आणि आपली व्यथा खोटी ठरली या दुःखाने तो अधिकच खचतो.

ही व्यथा खोटी नव्हे. मनुष्याचा तोल तिघांच्या साक्षीवर उभा असतो: अंतर्कर्ण, डोळे आणि पायांपासून मानेपर्यंतचे स्नायू व सांधे. या साक्षी जुळवण्याचे काम मेंदू इतक्या निमूटपणे करतो की त्याची जाणीवही होत नाही. कानाच्या विकाराने एक साक्ष फसवी ठरली, की मेंदू पहारा बसवतो. डोळ्यांवर अधिक विसंबतो, अंग आवळून धरतो. विकार बरा झाल्यावर हा पहारा उठावयास हवा. परंतु ज्याच्या मनात काळजीने घर केले आहे, त्याच्या बाबतीत तो अनेकदा उठत नाही. तोल सांभाळणारी आणि भय जागवणारी केंद्रे मेंदूत परस्परांशी जोडलेली आहेत. त्यामुळे भयाने तोल डळमळतो, आणि तोल डळमळला की भय वाढते.

वैद्यकाने या दुखण्याची दीर्घकाळ वाटणी केली. १८७० साली व्हिएन्नाच्या मोरित्झ बेनेडिक्ट यांनी मोकळ्या चौकात येणाऱ्या चकरेचे मूळ डोळ्यांत शोधले. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी ते भयात शोधले. अखेर २०१७ मध्ये बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय वैद्यकसंस्थेने, तीन महिने वा अधिक टिकणाऱ्या या विकाराची लक्षणे निश्चित केली. उभे राहिल्याने, हालचालीने आणि गजबजलेल्या दृश्याने तो बळावतो.

मन आणि मज्जासंस्था ही दोन्ही नावे एकाच पाटीवर लिहिणारी संस्था बेंगळूरातच आहे. १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि तेथील सरकारी मनोरुग्णालय यांच्या एकीकरणातून २७ डिसेंबर १९७४ रोजी ‘निम्हान्स’ उभी राहिली. या दुखण्यास अशीच जोडदृष्टी लागते.

उपचारही जोडीनेच करावयाचे असतात. पहिला उपचार व्यायामाचा: नजर स्थिर ठेवून मान हळूहळू फिरवणे, मग उभ्याने, मग चालताना, आणि शेवटी गर्दीत. किंचित चक्कर येऊ देणे हाच त्यातील अभ्यास होय. दुसरा संवादाचा: ‘आता पडणार’ या विचाराची तज्ज्ञाच्या साहाय्याने पारख करणे. तिसरा, गरज असल्यास, चिंता शमवणाऱ्या औषधांचा. ती अल्प मात्रेने सुरू करून वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाची व थांबवावयाची. उलट, केवळ चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोनमहिने घेतल्यास मेंदूचे पुन्हा शिकणे मंदावते. अंथरुण धरून राहिल्यानेही तेच होते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक. चकरेबरोबर अकस्मात बोबडी वळली, एक बाजू लुळी पडली, वस्तू दुहेरी दिसू लागल्या किंवा तीव्र डोकेदुखी उद्भवली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

एरवी घरच्यांनी दोन गोष्टी टाळाव्यात: रुग्णाला खोटे ठरवणे आणि त्याला सतत हात धरून चालवणे. पहिल्याने त्याचा धीर जातो, दुसऱ्याने त्याचे पाय परावलंबी होतात. आज घराच्या पायरीपर्यंत, उद्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, आणि एके दिवशी त्याच बसस्थानकावरील गर्दीतून पलीकडे: तोल असा पावलापावलाने परत येतो, आणि त्याच्यामागून धीरही.