तळमजल्यावरचं पाणी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्याकडची लहान मुलं मला 'फादर' म्हणतात. मी फादर नाही, पाळक आहे. घरी बायको आहे, दोन मुली आहेत. पण मुलं इतक्या प्रेमाने हाक मारतात की मी दुरुस्ती करणं सोडून दिलंय. दुसऱ्यांची दुरुस्ती करण्याची मला जुनी खोड. आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

२०१२ सालची वार्षिक सभा जुन्या सभासदांना आठवत असेल. विषय होता लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी. तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले, "आम्ही लिफ्टमधी पायसुद्धा ठेवत न्हाई, मग पैसे कशाला?" मी तेव्हा कमिटीवर होतो. उपविधीप्रमाणे लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा असतो, वापर असो-नसो. म्हणजे मुद्दा माझा बरोबर होता. पण मी पुस्तक अण्णांच्या पुढे धरलं आणि म्हणालो, "वाचता येतं ना? मग वाचा." एसटीत उभी हयात काढलेला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. दोघे-तिघे हसले. अण्णा खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी रक्कम भरली. इतिवृत्तात नोंद आहे, 'सभासदांना नियम समजावून सांगण्यात आला.'

त्यानंतरच्या रविवारी मी चर्चमध्ये नम्रतेवर प्रवचन केलं. विषय आधीच ठरलेला होता!

मी मूळचा साताऱ्याचा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. हे मी लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. टिळक ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपलं सोवळं सांभाळलं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. पुढे त्यांनी ते सोडलं, आणि 'स्मृतिचित्रे'त स्वतःलाच हसत हसत लिहूनही ठेवलं. ते वाचताना मीही हसायचो. माझं सोवळं उपविधींच्या पुस्तकात होतं, ते मला कुठे दिसत होतं?

मग आला २०१९ चा ऑगस्ट. पाऊस पडतो महाबळेश्वरात, कोयनेत, आमच्या सातारा जिल्ह्यात. पाणी येतं सांगलीत. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. अण्णांनी २००५ चा पूर इथेच काढलेला. पाणी गावात शिरण्याआधीच ते प्रत्येक मजल्यावर सांगत फिरले, "पिण्याचं भरून ठेवा." मी म्हणालो, "अण्णा, चौथ्या मजल्यावर कसला पूर?"

वीज गेली. पंप पाण्याखाली. वरची टाकी दुसऱ्या दिवशी कोरडी. खाली सगळीकडे पाणीच पाणी, आणि आमच्या घरात मुलींना प्यायला एक बाटली.

संध्याकाळी दार वाजलं. अण्णा. खांद्यावर घागर, हातात कळशी. स्वतःचं घर बुडालेलं. पण त्याआधी मुलांना घेऊन त्यांनी पिंपं, घागरी, तेलाचे धुतलेले डबे, सगळं भरून तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात रचून ठेवलं होतं. माणशी दोन तांबे, असा हिशोब. मला धाप न लागता बोलणं जमेना. धाप खरं तर त्यांना लागायला हवी होती. शेवटी ते म्हणाले, "लिफ्ट बंद हाय सायेब, न्हाईतर लवकर आलो असतो. वर्गणी भरलीय की मी."

आणि हसले. त्या हसण्यात डंख नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आपल्या मराठीत पाणी पाजणं म्हणजे हरवणंसुद्धा. अण्णांनी मला दोन्ही अर्थांनी पाजलं, चार दिवस, रोज.

शुभवर्तमानात प्रभू येशू विहिरीपाशी बसून एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी माणसाने तिच्याकडे मागायचं नाही, असा काळ. मी त्या भागावर कितीदा बोललो असेन! दरवेळी जिवंत पाण्याबद्दल. तो आधी तिच्याकडे मागतो, याच्यावरून मी भराभर पुढे जायचो. द्यायला मला आवडतं. पुरानंतर चर्चच्या मंडळींनी धान्य वाटलं तेव्हा मी सगळ्यांत पुढे होतो. घ्यायची वेळ आली की मान वर होत नाही, आणि 'थँक्यू' तर तोंडातल्या तोंडात. अण्णांना मी तेव्हा आभार म्हणालो. माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत सहा वर्षं गेली. जिन्यात भेटलो की पावसापाण्याचं बोलायचो.

अण्णा पहिल्या रांगेत बसलेत. ज्या हॉलमध्ये मी ते बोललो, तोच हा हॉल. हसलेले दोघे-तिघेही इथेच आहेत, मी नावं घेत नाही. अण्णा, त्या सभेत मी तुमचा अपमान केला. नियम बरोबर होता, मी चुकलो होतो. मला माफ करा.

सेक्रेटरीसाहेब, इतिवृत्तात ही दुरुस्ती लिहून घ्या. अनुमोदन मिळेल असं वाटतं.