'ब्लास्ट' : एका शब्दाचे पाच अर्थ
(मुळशी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



परकी भाषेतील शब्दाचा एकच अर्थ फळ्यावर लिहून पुढे जाणे सोयीचे खरे; पण त्यात मुलाचे अहित आहे. 'ब्लास्ट' हा इंग्रजी शब्द घ्यावा. त्याचा अर्थ 'स्फोट' एवढाच सांगितला, तर मुलगा पुढे अडतो.

या शब्दाचा मूळ अर्थ वाऱ्याचा जोराचा झोत. हे मूळ मुलाच्या हाती दिले की बाकीचे अर्थ उलगडत जातात. आषाढात ताम्हिणी घाटात छत्री उलटी करणारा सोसाटा, तो ब्लास्ट. वारा शिंगात किंवा शिटीत फुंकला की निघणारा कर्कश नाद, तोही ब्लास्ट. लोहाराचा भाता निखाऱ्यांवर वारा घालतो. असाच तप्त वाऱ्याचा झोत प्रचंड प्रमाणावर सोडून लोखंड गाळणारी ती झोतभट्टी, म्हणजे ब्लास्ट फर्नेस. सुरुंगाच्या दारूने खडक फुटतो, तोही क्षणात प्रसरण पावलेल्या वायूच्या जोराने. म्हणून सुरुंगाचा बारही ब्लास्टच.

पाचवा अर्थ भातखाचरातला. भाताच्या करपा रोगास इंग्रजीत 'ब्लास्ट' म्हणतात. तेथे ना आवाज, ना धक्का. मग हे नाव का? वाईट वारा लागला की पीक करपते, अशी इंग्रजी मुलखात जुनी समजूत होती. वास्तविक हा रोग बुरशीचा. पानांवर मध्ये राखाडी व कडेने तपकिरी असे, दोन्ही टोकांना निमुळते ठिपके पडतात. लोंबीच्या मानेला लागण झाली तर दाणा भरत नाही. मात्र या बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात. तेव्हा जुने नाव अगदीच निराधार नव्हे.

या ज्ञानाचा उपयोग केवळ परीक्षेपुरता नाही. बुरशीनाशकाच्या डब्यावरील 'ब्लास्ट' हा शब्द मुलाला उमगला, तर तो घरच्या वडीलधाऱ्यांस सांगू शकेल. दगडखाणीजवळील 'ब्लास्टिंग'ची पाटी कळली, तर तो वेळीच माघारी वळेल. एका ठिकाणी पीक पणास लागते, दुसऱ्या ठिकाणी जीव.

पाठाचा आरंभ मात्र मराठीतूनच व्हावा. दगड फुटतो, पालवी फुटते, मुक्याला वाचा फुटते, प्रश्नपत्रिकाही फुटते. अशी वाक्ये मुलांकडूनच काढून घ्यावीत. एक शब्द अनेक घरी नांदतो, हे त्यांना आपल्या भाषेत ठाऊक असतेच. इंग्रजी शब्दापाशी त्याची आठवण करून देणे, एवढेच शिक्षकाचे काम उरते.